मोयाईचा दोर

ओनिझाकी, ३ जुलै १९९८

आदरणीय कानेयो वहिनी,

बऱ्याच दिवसांची रिपरिप थांबून परवापासून ऊन पडलं आहे. अशा दमट हवेत तुमचे गुडघे जास्त दुखतात, म्हणून आधी त्यांची चौकशी करतो. तुम्ही पाठवलेलं मुळ्याचं लोणचं मिळालं. नगरपालिकेत दोघातिघांना दिलं, तर सगळे बोटं चाटत बसले.

आता कामाचं. कुशिनोउराच्या भरावाच्या जमिनीवर नगरपालिकेचं नवं नागरिक भवन उभं राहिलं आहे, हे तुम्ही रोज होडीतून बघतच असाल. दहा ऑक्टोबरला त्याचं उद्घाटन आहे. त्याला नाव सुचवायचं काम माझ्याकडे होतं आणि मी सुचवलेलं नाव महापौरांना फार आवडलं: ‘मोयाई भवन’. वादळात होड्या एकमेकींना बांधतात तशी माणसंही संकटात एकमेकांना बांधून घेतात, असा त्यातला भाव. खाडी बुजवण्यावरून आपल्या गावात जी दुफळी झाली, ती या नावानं थोडी तरी सांधली जावी, अशी सगळ्यांची इच्छा आहे.

दोन विनंत्या आहेत. एक, तुम्ही पहिल्या रांगेत बसावं. काही करायचं नाही, फक्त बसायचं. दुसरी, दादाच्या होडीचा दोर तुमच्याकडे आहे. प्रवेशद्वाराशी काचेची पेटी केली आहे, तिच्यात तो ठेवता आला तर दादाची आठवण राहील.

उत्तराची वाट पाहतो.

तुमचा,
शुन्साकु

*

कुशिनोउरा, ९ जुलै

शुन्साकु,

हवापाण्याचं सोडून देते. राग आलेल्या माणसानं पावसाची चौकशी करत बसू नये, असं माझी आई म्हणायची.

आधी एक सांग. हे ‘तुम्ही’ कधीपासून? तुझी आई गेली तेव्हा माझ्या पाठुंगळीला बसून, नाक माझ्या मानेला पुसत, ‘वहिनी, तू कुठं चाललीस’ विचारायचास. नगरपालिकेची खुर्ची मिळाली आणि वहिनी ‘आदरणीय’ झाली होय?

आता तुझ्या नावाचं. मोयाईमध्ये भाव असतो हे मला तुझ्याकडून पहिल्यांदा कळलं. मला वाटत होतं मोयाईत दोर असतो. तू होडीवाल्याच्या घरात जन्मलास, पण शाळेतच जास्त राहिलास, म्हणून पुन्हा सांगते. वादळ आलं की मोठ्या होड्या धक्क्याला बांधायच्या, त्यांच्या कडेला मधल्या, मधल्यांच्या कडेला लहान. कडेला कडा लावून सगळ्या बंदराची एक रांग होते. उशिरा आलेला माणूस होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा राहतो, आपल्या होडीचं नाव घेतो आणि ओरडतो, “मोयाई!” रांगेतल्या शेवटच्या होडीवर जो असेल त्यानं दोर फेकायचा. कोण आहे, कुणाचा कोण, हे बघायचं नाही.

आणि मग वादळ सरल्यावर बाहेरच्या माणसाला किनाऱ्यावर जायचं, तर आतल्या होड्यांवरूनच जावं लागतं. चपला हातात घ्यायच्या, प्रत्येक होडीच्या कडेशी थांबून विचारायचं, “येऊ का?” धनी ‘ये’ म्हणाला तरच पाऊल टाकायचं, कारण फळीखाली होडीचा जीव असतो. एवढी आहे मोयाई. आम्हीही हा शब्द जमिनीवर वापरतो, नाही असं नाही. लग्न ठरलं की म्हणतो, झाली एकदाची मोयाई. दोन दारुडे एकमेकांच्या गळ्यात पडून झोकांड्या खात निघाले की म्हणतो, बघा, मोयाई चालली. पण ते चेष्टेत. भिंतीवर लिहायला नाही.

आणि लिहायचं तर कुठं? त्याच भरावावर? त्या भरावाच्या संमतीच्या कागदावर शिक्का मारला नाही म्हणून तुझ्या भावाला गावानं वाळीत टाकलं. त्याच्या मासळीला टोपली मिळेना, मला दुकानात मीठ मिळेना. आणि आता त्याच मातीवर त्याचा दोर काचेत टांगायचा? जखमेवर मीठ चोळायचं म्हणतात, तर निदान मीठ तरी आमच्या पैशानं चोळू नका.

दोर मिळणार नाही. कुणी कुणाला दोर दिला नाही, हे तुला चांगलं ठाऊक आहे.

कानेयो

*

ओनिझाकी, २० जुलै

प्रिय वहिनी,

तुमचा राग मी समजू शकतो. (‘तुम्ही’ची सवय आहे. इथे चहा देणाऱ्या मुलीलाही आम्ही तुम्ही म्हणतो.)

वाळीत टाकण्याचे ते दिवस वाईट होते, हे कुणीच नाकारत नाही. पण वहिनी, नऊ वर्षं झाली. ज्यांनी शिक्के मारले त्यांची मुलं आणि ज्यांनी मारले नाहीत त्यांची मुलं आता एकाच वर्गात बसतात. या मुलांसाठी एखादा चांगला शब्द असावा, एवढंच मला वाटलं. आता तर तो शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला आहे. गावाहून शहराकडे येणाऱ्या गाडीचं नाव ‘मोयाई बस’ ठरलं आहे, वृद्धांच्या जेवणाच्या योजनेला ‘मोयाई थाळी’ म्हणणार आहेत.

दोराचं म्हणाल तर तो कायमचा द्यायचा नाही. विमा उतरवू, पावती देऊ. आणि तुम्हाला संकोच वाटत असेल तर सांगतो, मच्छीमार संघाच्या कुमागोरोजींचा या सगळ्याला काहीही आक्षेप नाही. उलट त्यांना फार आनंद झाला.

गरम होतं आहे. दुपारी होडी बाहेर काढू नका.

शुन्साकु

*

कुशिनोउरा, १८ ऑगस्ट

शुन्साकु,

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. कुमागोरोचा आक्षेप नाही, हे वाचून मी ते पत्र चुलीत घातलं. चोरानं म्हणावं, घरमालकाबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण आज बाजारात ओकिनू भेटली. तीच, मासळीच्या लिलावात माझ्याशेजारी बसते, जिच्या तोंडाला दार नाही ती. म्हणाली, “कानेयो, तुझं नाव छापून आलंय, लग्नबिग्न करतेस की काय?” आणि तुमचं पत्रक माझ्या हातात ठेवलं. चांगला गुळगुळीत कागद आहे. त्यात चौथा कार्यक्रम असा: ‘कै. तोकुजी यांच्या पत्नी श्रीमती कानेयो व मच्छीमार संघाचे ज्येष्ठ श्री. कुमागोरो व्यासपीठावर एकत्र येऊन मोयाईची गाठ बांधतील. त्यानंतर शालेय मुलांचे समूहगान.’

‘काही करायचं नाही, फक्त बसायचं’ असं कोण म्हणालं होतं?

मला न विचारता तू माझे हात छापलेस. माझे हात, शुन्साकु. ऑक्टोपस पकडायची मडकी समुद्रातून ओढून ओढून फाटलेले. ते त्या माणसाच्या हाताला लावून फोटो काढायचा, आणि खाली मुलं गाणार. मुलांना काय सांगणार आहात, हा म्हातारा कोण आणि ही बाई कोण?

बाजारात सगळ्या हसत होत्या. दुष्टपणानं नाही, त्यांना खरंच वाटलं की माझं मन वळलं. एकीनं माझा हात धरून म्हटलं, “बरं केलंस, किती दिवस धरून बसायचं.” माझ्या हातात मासळी साफ करायचा सुरा होता. मी तो खाली ठेवला आणि घरी आले.

आणि पितरांच्या दिवसांत तुझ्या भावासाठी पाण्यात दिवा सोडायला तू आला नाहीस. मीच सोडला. भरावामुळे आता तिथं प्रवाह उरलेला नाही. दिवा किनाऱ्यालाच गोल गोल फिरत राहिला.

कानेयो

*

ओनिझाकी, २५ ऑगस्ट

वहिनी,

पत्रकाचं चुकलं. ती कल्पना महापौरांच्या कचेरीतून आली. मला जूनमध्येच माहीत होतं आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. वाटलं, त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही नाही म्हणणार नाही. हा लबाडपणा होता. माफी मागतो.

पण आता मलाही बोलू दे. तूच म्हणालीस ना, ‘तुम्ही’ नको. मग ऐक.

रागावण्याचा मक्ता एकट्या तुझाच आहे का? मलाही राग आहे, आणि तो कुमागोरोकाकांवर नाही, दादावर आहे. नऊ वर्षं आहे. हट्टी, मानी, कुणापुढे मान न वाकवणारा माझा भाऊ! शिक्का मारला नाही, ठीक. तो त्याचा प्रश्न. पण वादळ आल्यावरसुद्धा? सगळं बंदर रांगेत बांधलेलं होतं. एकदा तोंड उघडून ‘मोयाई’ म्हटलं असतं तर त्याचं काय बिघडलं असतं? मयताच्या दिवशी कुमागोरोकाका माझ्या पेल्यात साके ओतताना रडत होते. म्हणाले, “तुझा भाऊ मानी होता रे. मागितला असता तर शत्रूलाही दोर दिला असता. पण तो मागायला आलाच नाही, बाहेरच्या बाहेर झुंजत राहिला.” सुंभ जळला तरी पीळ गेला नाही, तो असा. आणि त्या पिळाची किंमत मी मोजली. मला त्यानं शिकवलं, शहरात पाठवलं, आणि माझ्या पहिल्या पगाराचं पाकीट हातात घ्यायला तो उरला नाही.

हा शब्द मी का सुचवला विचारतेस? कारण तो दादाच्या तोंडून कधी निघाला नाही.

शुन्साकु

*

कुशिनोउरा, ३० ऑगस्ट

शुन्साकु,

तुझं पत्र वाचून मी दारातच बसून राहिले. चुलीवर भात लागला तरी उठवेना.

तुला माहीतच नाही.

मी इतकी वर्षं समजत होते की तुला माहीत आहे आणि नोकरीसाठी तू तोंडात गुळणी धरून बसला आहेस. मयताच्या दिवशी तू त्याच्या हातून साके घेतलीस, ती मी दारातून बघितली. त्या दिवसापासून तुला लोणचं पाठवते, पण मनातून तुझ्याशी बोलले नाही. आणि तू तर नुसता फसलेला होतास.

आता नीट वाच. त्या वादळाच्या दिवशी मी बांधावर उभी होते. दुपार होती, चांगलं दिसत होतं. आपल्या गावात वाळीत टाकलेल्याच्याही घराला आग लागली तर गाव धावतं, घरात मयत झालं तर खांदा देतं. आणि तिसरी गोष्ट आपल्याच बंदराची: वादळात दोर. हे तिन्ही आजवर कुणी मोडलं नव्हतं. म्हणून तोकुजीला शंकाही आली नाही. तो सरळ रांगेच्या टोकाला आला. टोकाची होडी होती कुमागोरोची एबिसु-मारू, आणि कुमागोरो तिच्यावर उभा होता. तोकुजी नाळेवर आला, दोराचं एक टोक नाळेला बांधलेलं, दुसरं हातात, कुमागोरोनं दोर फेकला की त्याला गाठ मारायला. ओरडला, “चिदोरी-मारू! मोयाई!” मला बांधावर ऐकू आलं. कुमागोरो तर त्याच्यापासून दोन वल्ह्यांवर होता.

कुमागोरोनं तोंड फिरवलं. लाटेनं चिदोरी दूर गेली. तोकुजीनं वळसा घालून पुन्हा आणली, पुन्हा ओरडला. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा त्यानं कुमागोरोचं नाव घेतलं. ‘काका’ म्हणाला त्याला. तुझा मानी भाऊ ‘काका’ म्हणाला.

मी बांधावरून बोंबलत होते. रांगेतल्या बाकीच्या होड्यांवर माणसं होती. सगळ्यांनी बघितलं, आणि सगळ्यांनी एकदम कुठंतरी दुसरीकडे बघितलं. नंतर संघानं पोलिसांना सांगितलं, वाऱ्यात काही ऐकू आलं नाही. माझं मी सांगितलं, तर म्हणाले, बाईला धक्का बसलाय.

दोर दुसऱ्या दिवशी वाहून आला. नाळेच्या फळीचा तुकडा एका टोकाला, दुसरं टोक मोकळं. ते मोकळं टोक तुला काचेत ठेवायचं आहे.

मला पैसा नको, भरपाई नको. त्या माणसानं गावासमोर एवढंच म्हणावं, तोकुजीनं दोर मागितला होता. तेवढं म्हणेपर्यंत मी त्या रांगेत होडी लावणार नाही आणि तुमच्या भवनाची पायरी चढणार नाही.

कानेयो

*

ओनिझाकी, १७ सप्टेंबर

वहिनी,

इतके दिवस लिहू शकलो नाही. पुष्कळदा बसलो, पण दादाला जे जे बोललो ते आठवत राहिलं.

मी कुमागोरोला फोन केला. सरळ विचारलं. तो म्हणाला, “वाऱ्यात काही ऐकू आलं नाही, पोरा,” आणि फोन ठेवला. महापौरांना सांगितलं, चौथा कार्यक्रम रद्द करा. ते म्हणाले, पत्रकं वाटून झाली आहेत, आणि नगरपालिकेनं जुनी भांडणं उकरून काढू नयेत. मी म्हटलं, मग शब्द परत करा. ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

मोठं वादळ येतंय, रेडिओवर सारखं सांगताहेत. तू घाटाच्या देवळाखाली एकटीच होडी बांधतेस, हे ओकिनूनं सांगितलं. वहिनी, या एका वेळी रांगेत जा. माझ्यासाठी जा. मला दुसरं कुणी नाही.

वादळ गेलं की मी सुट्टी काढतो. मी येऊ का?

शुन्साकु

*

कुशिनोउरा, २४ सप्टेंबर

शुन्साकु,

जिवंत आहे. होडीही आहे. रेडिओवर कुशिनोउराचं नाव ऐकून तू ओकिनूला सात फोन केलेस म्हणे. तिनं ते सगळ्या बाजाराला सांगितलंय.

रांगेत गेले नाही. इतकी वर्षं गेले नाही, आता काय जाणार. ओढ्याच्या मुखाशी, देवळाखालच्या दगडी खुंटाला बांधली आणि मडकी आवरून होडीतच बसले. तोकुजीचा दोर जवळ ठेवला होता. जास्तीचा लागला तर असावा म्हणून. नवे दोर महाग झालेत.

वादळ उजाडताना आलं. कुमागोरोची हाव तुला माहीत आहे. शहात्तर वर्षांचा झाला तरी आदल्या दिवशी लावलेली जाळी सोडवेनात, ती उचलायला पहाटेच बाहेर गेला होता. परत येताना एबिसु-मारूचं इंजिन पाणी पिऊन बंद पडलं. रांग एका बाजूला राहिली आणि वाऱ्यानं त्याला ढकलत आणलं थेट ओढ्याच्या मुखाशी. पलीकडे खडक, अलीकडे मी. तिसरं कुणी नाही.

त्यानं मला ओळखलं. मी बघत होते, त्यानं ओळखलं. तरी नाळेवर आला आणि ओरडला, “एबिसु-मारू! मोयाई!”

तेव्हा एक गोष्ट तुला सांगते. वाऱ्यात ऐकू येतं. अगदी स्वच्छ ऐकू येतं.

मी दोर फेकला. मोठ्या मनानं फेकला असं कुठं लिहू नकोस, तुमच्या पत्रकात तर मुळीच नको. हात आधी गेला, राग मागून आला. राग आला तोवर दोर त्याच्या हातात पोचला होता. थोडं आधी सुचलं असतं तर मी काय केलं असतं, मला सांगता येत नाही. आम्ही दोघं आपापल्या होडीवर पडून राहिलो, दोन्ही होड्या एकमेकींवर आपटत होत्या, आणि दोर टिकला.

दुपारी आभाळ मोकळं झालं. लोक बांधावर आले. संघाचे सगळे, ओकिनू, आणि कोरडे कपडे घेऊन कुमागोरोची सून. लाटा अजून उंच होत्या, रांगेतली एकही होडी सुटत नव्हती. म्हाताऱ्याला जमिनीवर जायचं, तर माझ्या होडीवरूनच जावं लागणार होतं. तो चपला हातात घेऊन कडेशी आला. म्हणाला, “कानेयोबाई, येऊ का?”

मी मडकी धूत बसले.

पुन्हा म्हणाला, “येऊ का?” मी शिदोरीतला भाताचा गोळा काढला आणि त्याच्यासमोर बसून खाल्ला. त्याच्या ओल्या कपड्यांतून पाणी गळत होतं. बांधावरून संघाचा चिटणीस ओरडला, “बाई, म्हातारा माणूस आहे, कुडकुडतोय! असं काय करता?” मी म्हटलं, “तुमच्या भवनातली मोयाई दहा तारखेला आहे. ही माझ्या होडीवरची आहे. तुम्ही मध्ये पडू नका.” यावर ओकिनू मोठ्यानं हसली आणि मग तिनंच तोंडावर हात ठेवला.

एक पाऊल टाकलं असतं तर मी त्याला अडवणार होते का? साठीची बाई, गुडघे असे. त्याला कुणीच अडवलं नसतं. पण त्यानं पाऊल टाकलं नाही. तेवढा होडीवाला तो अजून आहे, आणि म्हणूनच माझा राग जास्त आहे. ज्याला नियम माहीत नाही त्यानं मोडला तर माणूस सोडून देतो.

ऊन कलायला लागलं तेव्हा तो उठला. माझ्याकडे बघितलं नाही, बांधाकडे बघितलं. आणि नाळेवरून ओरडतात तशा आवाजात म्हणाला, “तोकुजीनं दोर मागितला होता. तीन वेळा मागितला. मला ऐकू आलं होतं.”

बांधावर कुणी हललं नाही. चिटणीस पायांकडे बघत राहिला. त्याच्याही होडीवरून त्या दिवशी सगळं दिसत होतं. सुनेच्या हातातले कपडे खाली पडले.

मी म्हटलं, “ये.”

तो अनवाणी माझ्या होडीवरून गेला. कडेशी जरा अडखळला, पण मी हात दिला नाही. दोर दिला होता, तेवढा पुरे.

ओकिनू म्हणते, आता मन हलकं झालं असेल. नाही झालं. त्याला माफ केलेलं नाही, करणारही नाही, आणि चौथ्या कार्यक्रमाला मी येणार नाही. पण काल दुकानात गेले तर दुकानदारानं न मागता मिठाची पुडी पुढे केली आणि म्हणाला, “तोकुजीनं मागितला होता, आम्हाला माहीत होतं.” मी म्हटलं, “मग इतके दिवस काय मीठ तोंडात धरलं होतंस?” पुडी मात्र मी पैसे देऊनच घेतली.

तुझ्या महापौरांना सांग, भवनाला काय नाव द्यायचं ते द्या. दोर मात्र पाठवता येणार नाही. एबिसु-मारूचं इंजिन उघडून ठेवलंय, नवा भाग नागासाकीहून यायचाय. तोवर ती माझ्याच होडीच्या कडेला आहे, तोकुजीच्या दोरानं बांधलेली. रोज सकाळी म्हातारा आपली होडी बघायला येतो, कडेशी थांबतो आणि विचारतो. मी त्याला थोडा वेळ उभा ठेवते. मग ये म्हणते. काचेच्या पेटीत ठेवायला बाजारातून एखादा नवा दोर आणा, कुणी ओळखणार नाही.

गुडघे तसेच आहेत. लोणचं या वर्षी जरा खारट झालंय.

आणि तू विचारलं होतंस, येऊ का.

ये.

कानेयो